बाजूला ठेवलेल्या चार पट्ट्या

शिवलीला कोनापुरे सोलापूरला परत येणार, ही बातमी अंबादास येमूलला त्याच्या बायकोनं दिली, आणि तीही हसत हसत.

"अहो, तुमची शिवलीला येतेय की! नवं यंत्र तीच बांधणार. मुल्ला डॉक्टरांनी आज सगळ्यांसमोर सांगितलं."

अंबादासच्या हातातला भाकरीचा तुकडा तसाच राहिला. "माझी कसली?" तो म्हणाला.

"बघा तर! शनिवार-शनिवार आपल्या वर्कशॉपात पडीक असायची. चटणी-भाकरी माझ्याच हातची खायची. आता कुठल्या कुठं गेली पोरगी." पद्मानं त्याच्या ताटात आमटी वाढली आणि ती पुढे बोलतच राहिली. अंबादासला त्यातलं काही ऐकू आलं नाही. पद्मा कामाला होती त्या रुग्णालयातलं जुनं यंत्र नऊ वर्षांपूर्वी त्यानं बांधलं होतं. नवं बांधायची वेळ आली, तर त्याला कुणी विचारलंही नव्हतं.

शिवलीला एकोणीस वर्षांची असताना बंद पडलेला कॉम्प्युटर पोत्यात घालून त्याच्या दारात आली होती. बाळीवेशीतल्या किराणा दुकानदाराची मुलगी. दुरुस्त करून द्या म्हणाली नाही, दुरुस्त कसा करायचा ते दाखवा म्हणाली. अंबादासनं दाखवलं. यंत्र कारखान्यानं ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचं, म्हणजे ओव्हरक्लॉक करायचं, हे त्याचं वेड होतं. ते वेड त्यानं तिला हातचं न राखता दिलं. चार वर्षांनी ती पुण्याला गेली. आणखी चार वर्षांनी जगातल्या सर्वांत वेगवान घरगुती यंत्रांच्या यादीत तिचं नाव तिसऱ्या क्रमांकावर लागलं. त्या यादीत पहिल्या शंभरात यायला अंबादासनं बावीस वर्षं घालवली होती. तो एकशे सदतिसाव्या क्रमांकावर अडकला होता.

मुलाखतीत तिनं आवर्जून सांगितलं होतं, की हे सगळं मला सोलापूरच्या सरांनी शिकवलं. छापणाऱ्यानं सरांचं नाव 'आनंददास यमूल' असं छापलं. पद्मानं ते कात्रण तरीही कपाटाच्या दाराला चिकटवलं होतं. कपडे काढताना ते रोज समोर यायचं.

दुसऱ्या दिवशी डॉ. रियाज मुल्लांनी त्याला बोलावून घेतलं. माणूस सरळ होता. चहा मागवला आणि मुद्द्यावर आला.

"अंबादासराव, तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, चुकलं माझं. पण जुनं यंत्र आता पुरत नाही. बारा तास लागतात. बारा तासांत आमचा पेशंट हातचा जातो."

हे खरं होतं. २०४२ साली साध्या जखमेतूनही असे जिवाणू रक्तात शिरत, ज्यांच्यावर एकही प्रतिजैविक चालत नसे. त्यांच्यावर उपाय होता तो फाजचा. फाज म्हणजे जिवाणूंना खाणारे विषाणू. पण प्रत्येक फाज ठरावीक जिवाणूलाच धरतो, आणि एकच फाज दिला तर जिवाणू आपलं रूप बदलून निसटतो. म्हणून तीन वेगवेगळे फाज एकदम द्यावे लागत. रुग्णालयाच्या फ्रीझरमध्ये सोळा हजार कुप्या होत्या, प्रत्येकीत वेगळा फाज. त्यांतल्या कुठल्या तीन एकत्र दिल्या तर हा जिवाणू कोणत्याही वाटेनं निसटणार नाही, हे शोधायचं म्हणजे अब्जावधी त्रिकुटं तपासायची. ते काम जुळणीयंत्राचं. मोठ्या संगणककेंद्रांत ते मिनिटांत झालं असतं, पण केंद्रांना पाणी आणि वीज मोजून मिळू लागल्यापासून तिथल्या रांगेत नंबर लागायला दीड-दोन दिवस जात. त्यामुळे गावोगावच्या रुग्णालयांनी आपापली टेबलावरची यंत्रं बांधून घेतली होती आणि ती जिवाच्या आकांतानं पळवली जात होती.

"शिवलीलाची एकच अट आहे," डॉक्टर म्हणाले. "रॅम तुम्ही निवडून द्यायची. ती म्हणाली, रॅम निवडावी तर सरांनीच, बाकी कुणाच्या हातची मी घेणार नाही."

डॉक्टरांना वाटलं, हा मान आहे. अंबादासला वाटलं, स्वयंपाक ती करणार आणि मला भाजी निवडायला बसवलंय.

"देतो की," तो म्हणाला.

रॅम निवडणं हे कमी प्रतीचं काम नव्हतं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार! जुळणीचं सगळं गणित रॅमपाशी अडतं. प्रोसेसर म्हणजे पंगतीतला खाऊ माणूस, रॅम म्हणजे वाढपी. वाढपी सावकाश आला तर खाणारा नुसता रिकाम्या पानाकडे बघत बसतो. म्हणून वाढप्याला पळवायचं. पण एकाच कारखान्यात, एकाच दिवशी, एकाच साच्यातून निघालेल्या रॅमच्या दोन पट्ट्याही सारख्या नसतात. एक पळवली तर पळते, दुसरी धापा टाकते. कोणती कशी, हे वरून कळत नाही. ती चालवून, तापवून बघावी लागते.

तापवून एवढ्यासाठी, की रॅममधला प्रत्येक कण म्हणजे विजेचा थेंब धरून ठेवणारी बारीकशी वाटी असते आणि ती वाटी गळकी असते. थेंब असला तर एक, नसला तर शून्य. गळून जायच्या आत यंत्र सेकंदाला पंधरा-वीस वेळा प्रत्येक वाटी पुन्हा भरून घेतं. पण भरण्यात वेळ जातो, म्हणून वेगाच्या मागे लागलेले लोक भरण्याच्या फेऱ्या कमी करतात. धडधाकट वाटी तेवढं सोसते. कच्ची वाटी त्या आधीच रिकामी होते आणि एकाचा शून्य होतो. त्यात उष्णता वाढली की गळती भराभर वाढते. माघात निमूट चालणारी पट्टी वैशाखात विसरायला लागते, आणि आपण विसरलो हे ती कुणाला सांगत नाही.

पुण्याहून शहाण्णव पट्ट्या आल्या. साखर पेठेतल्या वर्कशॉपात अंबादास तीन आठवडे त्यांच्यामागे होता. तापवणपेटीत घालायचं, वेग वाढवायचा, फेऱ्या कमी करायच्या, चुका मोजायच्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून पडद्यावरचे बारीक आकडे वाचायला त्याला वाकावं लागे, पण तो थकला नाही. शहाण्णवांतून चोवीस उरल्या, चोविसांतून आठ. आणि त्या आठांत चार अशा निघाल्या, की त्यानं दोनदा चाचणी पुन्हा लावली. पंच्याऐंशी अंशांवर चोवीस तास, फेऱ्या निम्म्यावर आणलेल्या, आणि एकही चूक नाही. बावीस वर्षांत असल्या पट्ट्या त्याच्या हाताला लागल्या नव्हत्या.

त्या चार पट्ट्या हातात घेऊन तो बराच वेळ बसून राहिला. ह्या लावल्या की ते यंत्र महाराष्ट्रात कुणी पाहिलं नसेल असं पळणार. मग फोटो निघणार. फोटोत शिवलीला.

उरलेल्या चारही वाईट नव्हत्या. ठरलेल्या प्रमाणानुसार चार तासांची तापचाचणी त्या बिनचूक पार करत होत्या. अकराव्या तासाला मात्र त्यांतल्या दोघींत एकेक वाटी विसरायची. तेही त्यानं पाहिलं होतं.

त्यानं दुसऱ्या चार पट्ट्या खोक्यात ठेवल्या, चिठ्ठीवर लिहिलं, 'तापचाचणी चार तास, चुका शून्य.' अक्षर अन् अक्षर खरं होतं. पहिल्या चार त्यानं रुमालात गुंडाळून ड्रॉवरच्या तळाशी घातल्या. एवढी हुशार आहे ना, बघेल ती आपलं आपण, तो स्वतःशी म्हणाला. फार तर यंत्र थोडं हळू पळेल. लोक म्हणतील, एवढा गाजावाजा केला आणि निघालं काय?

शिवलीला आली ती थेट वर्कशॉपात. वाकून पाया पडली. तिशीला आली होती, केसांत एखादी पांढरी बट होती, पण बोलणं तसंच घाईघाईचं.

"सर, मिळाल्या का चांगल्या?"

"मिळाल्या." त्यानं खोकं पुढे केलं. हात किंचित थरथरला, तो त्यानं चटकन मागे घेतला. चिठ्ठी तिनं वाचली, तेव्हा तो तिच्याकडे न बघता चष्मा पुसत होता.

"चार तास?"

"प्रमाण तेच आहे."

"हो, हो." तिनं त्याच्याकडे, त्याच्या जाड भिंगांकडे क्षणभर पाहिलं आणि खोकं पिशवीत टाकलं. "तुमच्या हातचं आहे म्हटल्यावर झालं, सर."

पद्मानं तिला जेवायला ठेवून घेतलं. दोघी स्वयंपाकघरात हसत होत्या. शिवलीला तिसऱ्या क्रमांकाच्या यंत्राची गोष्ट सांगत होती आणि पद्मा, जिनं नवऱ्याच्या एकशे सदतिसाव्या क्रमांकाची गोष्ट कधी पूर्ण ऐकली नव्हती, ती मध्येमध्ये "मग गं?" "पुढं?" म्हणत होती. बाहेरच्या खोलीत अंबादासनं टीव्हीचा आवाज वाढवला.

फेब्रुवारीच्या शेवटी यंत्र सुरू झालं. जुनं बारा तास घ्यायचं, नवं पावणेतीन. एकच जुळणी ते दोनदा करायचं आणि दोन्ही उत्तरं सारखी आली तरच फ्रीझर सांभाळणाऱ्या पद्माच्या विभागाकडे कुप्यांचे नंबर पाठवायचं. एखादी वाटी विसरली तरी चुकीचं औषध रोग्याच्या अंगात जाऊ नये म्हणून ही सोय होती. उद्घाटनाला पालकमंत्री आले. शिवलीलानं भाषणात सरांचं नाव घेतलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळे तिच्याभोवती गोळा झाले. अंबादास खुर्चीवर एकटा उरला.

घरी येऊन त्यानं ड्रॉवर उघडला. चार पट्ट्या आपल्या यंत्रात लावल्या आणि तीच जुळणी चालवली. दोन तास वीस मिनिटं! तिच्यापेक्षा पंचवीस मिनिटं कमी, आणि तेही त्याच्या जुनाट प्रोसेसरवर. त्याला टाळी वाजवावीशी वाटली. दाखवायचं कुणाला? दाखवलं तर पहिला प्रश्न हाच येणार, की ह्या पट्ट्या कुठल्या?

तेव्हापासून त्याला एक चाळाच लागला. पद्मा संध्याकाळी आली की तो सहज विचारल्यासारखं विचारायचा, "आज किती वेळ लागला?" ती सांगायची, पावणेतीन, कधी दोन पन्नास. तो आकडा वहीत लिहायचा, शेजारी स्वतःचा लिहायचा. नवा प्रोसेसर, नवा बोर्ड, आणि ही पोरगी पावणेतीनच्या खाली येत नाही! तिला दिलेल्या त्या दुय्यम पट्ट्यांवरही मी अडीचपर्यंत आणलं असतं. म्हणजे तिसऱ्या क्रमांकाचं सगळं नशीबच म्हणायचं. या विचारानं त्याला गाढ झोप लागायची.

आणि सकाळी रुग्णालयात कुणाचा तरी बाप, कुणाची तरी आई शिवलीलाचे हात धरून रडल्याचं पद्मा सांगायची, की पुन्हा आतून काहीतरी कुरतडायला लागायचं. मार्च गेला, एप्रिल गेला. यंत्रानं एकतीस माणसं वाचवली. अंबादासच्या वहीत एकतीस आकडे होते.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात पारा सत्तेचाळीसवर गेला. विजेचा दाब पडला, यंत्राच्या खोलीतला एसी नुसता वारा घालू लागला. त्या दिवशी सकाळी रेणुका गड्डम नावाची बाई आली. शाळेचे गणवेश शिवण्याच्या कारखान्यात मशिनवर बसायची. चार दिवसांपूर्वी सुई डाव्या हाताच्या बोटातून आरपार गेली होती. आता हात कोपरापर्यंत सुजून काळानिळा पडला होता.

त्या दिवशी पद्मा नेहमीच्या वेळेला घरी आली नाही. आली ती दुसऱ्या दिवशी दुपारी, आणि चप्पल न काढता पलंगावर बसली.

"काय झालं?" अंबादासनं विचारलं.

"यंत्राची उत्तरं जुळेनात. एकदा एक नंबर, दुसऱ्यांदा दुसरे, तिसऱ्यांदा तिसरेच. मी फ्रीझरपाशी हातमोजे घालून उभी. शेवटी शिवलीलानं वेग पार खाली आणला, पंख्यासमोर बर्फाच्या लाद्या ठेवल्या, तेव्हा कुठं दोन उत्तरं सारखी आली. नऊ तास गेले." पद्मानं डोळ्यांना पदर लावला. "औषध लागू पडलं, जीव वाचला. पण हात मनगटापासून काढावा लागला. डॉक्टर म्हणाले, तीन तासांत कळलं असतं, तर एखाद्या बोटावर निभावलं असतं."

अकराव्या तासाला विसरणाऱ्या त्या दोन वाट्या अंबादासच्या डोळ्यांसमोर आल्या. तो उठून मोरीत गेला आणि तोंडावर पाणी मारत राहिला.

तासाभरात डॉक्टर मुल्लांचाच फोन आला. "अंबादासराव, जरा येता का? यंत्र तुमच्या ताब्यात द्यावं म्हणतो. शिवलीला चालली."

"चालली म्हणजे?"

"तिनं लिहून दिलंय, चूक माझी. वेगाच्या हव्यासापायी मी फेऱ्या जास्तच कमी केल्या म्हणे. मला तसं वाटत नाही, पण ती ऐकेना. तुम्हीच बघा आता. तुमच्याशिवाय आहे कोण?"

तुमच्याशिवाय आहे कोण! हे वाक्य ऐकायला त्यानं चार महिने, खरं तर नऊ वर्षं वाट पाहिली होती. रिक्षात बसून रुग्णालयात जाईपर्यंत ते त्याच्या कानांत घुमत राहिलं, आणि खोटं कशाला बोला, त्या अवस्थेतही ते त्याला गोड लागलं.

यंत्राच्या खोलीत शिवलीला जमिनीवर मांडी घालून सामान आवरत होती. लाद्यांचं पाणी फरशीवर तसंच होतं. तिचे डोळे सुजले होते.

"सर, आलात ते बरं झालं. सगळं लिहून ठेवलंय." तिनं एक कागद पुढे केला. "हे नीट बघून घ्या. ह्या ओळी मी बंद केल्यात."

कागदावर रॅममधल्या ओळींचे पत्ते होते. कच्च्या वाट्यांच्या ओळी यंत्रानं वापरूच नयेत म्हणून त्या बंद करता येतात. पहिल्या दोन ओळींसमोर तारीख होती, अठरा फेब्रुवारी.

अंबादासनं तो कागद डोळ्यांजवळ नेला, पुन्हा लांब धरला. "ही तारीख... हे तर यंत्र सुरू व्हायच्या आधीचं."

"हो."

"तुला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं?"

शिवलीलानं मान खाली घातली. "चोवीस तास तापवून बघितली होती. तुम्हीच शिकवलेलं, सर. चार तास दुकानदाराचे, चोवीस आपले. अकराव्या तासाला दोन गेल्या."

"मग बोलली का नाहीस?"

"कसं बोलू? तुम्ही चिठ्ठीसुद्धा लांब धरून लिहिली असणार, असं अक्षर होतं. हात कापत होता. काकू म्हणाल्या, ऑपरेशनपासून सरांना बारीक दिसत नाही, पण कबूल करत नाहीत. मला वाटलं, निवडताना नजर चुकली असेल. आणि मी उठून सांगायचं, की अंबादास येमूलला आता रॅम निवडता येत नाही? मी? मग त्या दोन ओळी बंद केल्या, वेग थोडा खाली ठेवला, आणि भागेल म्हटलं. भागतही होतं. उन्हात आणखी ओळी जातील, हे मला कळायला हवं होतं. नवीन पट्ट्या मागवायला हव्या होत्या. मागवल्या असत्या तर सगळ्यांना कारण सांगावं लागलं असतं. म्हणून नाही मागवल्या. रेणुकाताईंचा हात माझ्यामुळे गेला, सर."

अंबादास भिंतीला टेकला. म्हणजे पावणेतीन तास हा तिचा कमीपणा नव्हता. ती त्याची लाज झाकत होती आणि तो घरी वहीत आकडे मांडून खुश होत होता. तो तिच्यावर जळत होता आणि ती त्याची कीव करत होती! ही कीव त्याला एखाद्या चपराकीसारखी लागली, इतकी, की एक क्षण त्याला पुन्हा तिचाच राग आला.

आता नुसतं गप्प बसायचं होतं. म्हातारा झालाय, नजर गेली, बिचारा, असं लोक चार दिवस म्हणाले असते. ती निघून गेली असती. यंत्र त्याचं झालं असतं. रात्रीतून रुमालातल्या पट्ट्या लावल्या असत्या, तर आठवड्याभरात सगळ्या सोलापुरानं त्याची पाठ थोपटली असती.

"थांब," तो म्हणाला. "जाऊ नकोस. तासाभरात येतो."

घरी पद्मा अजून तशीच बसली होती. त्यानं आपलं यंत्र उघडलं, चारही पट्ट्या काढल्या, रुमालात घेतल्या.

"हे काय नेताय?"

"शिवलीलाच्या यंत्रात लावायच्या. तिलाच द्यायच्या होत्या."

"कधी?"

"फेब्रुवारीत."

पद्मा त्याच्याकडे बघत राहिली. फ्रीझरपाशी नऊ तास उभी राहिलेली बाई होती ती, तिला जास्त समजावून सांगायची गरज नव्हती. तिनं त्याला वाट करून दिली. तो उंबऱ्याबाहेर पडल्यावर आतून कडी लावल्याचा आवाज आला.

शिवलीलाच्या पुढ्यात त्यानं रुमाल उघडला. "माझी नजर चुकली नव्हती," तो म्हणाला. "ह्या चार माझ्याकडे पहिल्यापासून होत्या. चोवीस तास, चूक नाही. तुला दिल्या त्या अकराव्या तासाला विसरतात, हे मला माहीत होतं. माहीत असून दिल्या."

"का?"

"तुझं नाव होऊ नये म्हणून."

बाहेर व्हरांड्यात कुणाची तरी ट्रॉली खडखडत गेली. शिवलीलानं एक पट्टी उचलली, उजेडात धरली, परत ठेवली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो असता तर अंबादासला सोपं गेलं असतं.

"मला वाटलं होतं तुमचे डोळे गेले," ती म्हणाली. "तेच बरं होतं."

मग ती कामाला लागली. त्याला बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. जुन्या पट्ट्या काढल्या, नव्या बसवल्या, बंद केलेल्या ओळींची यादी पुसून टाकली, वेग पायरीपायरीनं वर नेला. तिची बोटं कीबोर्डवर कशी चालतात ते तो दारातून पाहत होता. दोन ठिकाणी तिनं असं काही केलं, जे त्याला सुचलं नसतं. कडकडीत तेलात मिरची फोडणीला टाकावी तसा खोलीत तापलेल्या पंख्यांचा उग्र वास भरला. चाचणी-जुळणी संपली. एक तास बावन्न मिनिटं. दोन्ही उत्तरं सारखी.

त्याच पट्ट्या, तीन महिने त्याच्या घरात होत्या, आणि तो दोन वीसच्या खाली कधी आला नव्हता. तो आकडा पाहताच त्याच्या छातीत तीच जुनी कळ उठली. एवढं होऊनही! अंबादासला स्वतःची किळस आली. पण कळ होती, आणि ती आहे हे या वेळी त्यानं स्वतःपासून लपवलं नाही.

तिथून तो सरळ डॉक्टर मुल्लांच्या खोलीत गेला आणि सगळं सांगितलं. डॉक्टरांनी ऐकताना पेन खाली ठेवलं होतं, ते नंतर बराच वेळ उचललं नाही.

"तिचा कागद मी फाडून टाकतो," शेवटी ते म्हणाले. "ती राहील. तुम्ही या रुग्णालयाच्या कुठल्याही यंत्राला यापुढे हात लावायचा नाही. बाकी चौकशी समिती ठरवेल. समितीपुढेही जे आत्ता सांगितलं ते सांगायचं."

"सांगतो."

"आणि पेशंटला सांगावं लागेल. तो तिचा हक्क आहे. मी सांगू?"

"नको," अंबादास म्हणाला. "मी जातो."

बायकांच्या वॉर्डात खिडकीपाशी रेणुका गड्डमची खाट होती. चाळिशीची, किरकोळ बाई. पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेला डावा हात उशीवर ठेवलेला. आडनाव आपल्यातलं म्हणून अंबादासनं घरच्या तेलुगूत सुरुवात केली. ती मराठीत म्हणाली, "कोण तुम्ही?"

त्यानं सांगितलं. रॅम म्हणजे काय, वाट्या, गळती, हे सगळं सांगायला गेला, पण मध्येच थांबला. मग एवढंच बोलला, की यंत्रात घालायची एक वस्तू मी मुद्दाम कमी प्रतीची दिली, म्हणून तुमचं औषध सापडायला उशीर झाला.

"मुद्दाम?"

"हो."

"का बरं?"

"ते यंत्र बांधणारी मुलगी माझ्या हाताखाली शिकलेली. ती माझ्यापुढे गेली. ते मला बघवत नव्हतं."

रेणुकानं हे ऐकून घेतलं. छताकडे बघत ती ते मनाशी लावून बघत असावी. ती ओरडेल, नातेवाइकांना बोलावेल, याची त्यानं तयारी ठेवली होती.

"तिच्यावर जळत होता," ती म्हणाली. "बरं. त्यात मी कुठं होते?"

फेब्रुवारीपासून आजपर्यंत त्या सगळ्या हिशेबात ही बाई, किंवा त्या खाटेवर येणारं दुसरं कुणीही, एकदाही अंबादासच्या मनात आलं नव्हतं. हेच खरं उत्तर होतं आणि ते तिला देण्यासारखं नव्हतं.

तिनं उजव्या हातानं उशाशी चाचपडत पाण्याची बाटली काढली, मांडीत धरून टोपण फिरवायला बघितलं. बाटली घसरली. तिनं पुन्हा धरली, ती पुन्हा घसरली. मग तिनं ती त्याच्यापुढे केली.

"हे उघडून ठेवा," ती म्हणाली, "आन् जावा आता."

त्यानं टोपण उघडलं, बाटली तिच्या उजव्या हाताशी ठेवली, आणि तो निघाला.